रविवारचा परवाना

पिंपरी,
१६ जानेवारी १९८३

प्रिय जयसिंग,

तुझं दिवाळीचं पत्र येऊन दोन महिने उलटले. दरवर्षी मी चार ओळींचं कार्ड टाकून मोकळा होतो, यंदा तेही टाकलं नाही. श्रीपादराव कामात असतील, असं तू म्हणाला असशील. कामात नव्हतो. लिहायला बसायचो, 'प्रिय जयसिंग' एवढं लिहायचो आणि उठायचो. असे तीन कागद फाडले. आज मृदुला तिच्या वर्गाची मुलं घेऊन शाळेच्या सहलीला गेली आहे, घरात कोणी नाही. उठायला निमित्त उरलेलं नाही.

आधी इकडची खबर सांगतो. आता इथे महानगरपालिका झाली आहे. तू राहायचास ती काळेवाडीची चाळ अजून आहे, पण तिच्या भोवती इतक्या खोल्या उठल्यात की तुलाच सापडायची नाही. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. शेवटची नऊ वर्षं ते खाटेवरच होते, त्यातली सुरुवातीची तू पाहिली आहेस. मी अजून तपासणी विभागातच आहे, त्याच टेबलाशी. बुश उचलायचा, गेजमध्ये घालून पाहायचा. गेला तर डावीकडे, अडला तर उजवीकडे. तेव्हा पाळी सुटली की घरी येऊन बाबांना कुशीवर वळवायचं, त्यांच्या पाठीला पावडर लावायची. आठवड्याचे सहा दिवस असे. आपली मंडळी मला हसायची, श्रीपाद रविवारी गाडीवर बसला की वेड्यासारखा ओरडतो म्हणून. तेव्हा मला कळायचं नाही, का ओरडतो ते. आता कळतं. आठवडाभर कोंडलेला माणूस ओरडायचा.

बोरखिंडीचा तो वनखात्याचा रस्ता तूच आम्हाला दाखवलास. तुझ्यासाठी तो कामावर यायचा रस्ता होता. करंजवाडीतून निघून खिंड ओलांडली की एकोणीस किलोमीटरवर कंपनीचं गेट. चाकण, मोशी, भोसरी असा वळसा घातला तर चौतीस. तू रोज त्या जुन्या जावा मोटारसायकलवर धूळ खात यायचास, आणि गुरुदत्तने एकदा कँटीनमध्ये विचारलं, "काय राव, एवढी लाल माती कुठून आणतोस?" त्या रविवारी तू आम्हाला घेऊन गेलास. गुरुदत्त, श्याम, मी आणि तू. पहिल्या चढावर माझी गाडी बंद पडली होती आणि तू मागून ढकलत म्हणाला होतास, "गाडीला भिऊ नका, श्रीपादराव, ती तुमाला भिती." पुढची चार वर्षं आपल्या चौघांच्या मंडळाचा एकही रविवार चुकला नाही. खिंडीतून उतरलं की तुझ्या घरी भिमाबाईंच्या हातची नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं. मी तुझ्या आईंना मावशी म्हणायला लागलो ते तेव्हापासून.

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात फाटक बसलं. खाली पिंपरीच्या बाजूला लोखंडी फाटक आणि वर खिंडीत आडवा चर, त्याच्या पलीकडे काटेरी तार. फाटकावरची सूचना तू वाचली नव्हतीस. तुला वाटलं, लाकूडचोरांचे ट्रक थांबवायला केलंय. लाकूडचोरी तिच्यात होतीच, पण दुसऱ्या कलमात लिहिलं होतं : 'मोटारसायकलस्वारांमुळे नवीन लागवडीची हानी'. जयसिंग, ती हानी गुरुदत्तची आणि माझी. होळीच्या नंतरच्या रविवारी, तू मावशींना घेऊन आळंदीला गेला होतास तेव्हा, आम्ही दोघांनी खिंडीखालच्या मोकळ्या उतारावर शर्यत लावली. उतार मोकळा नव्हता. गुडघ्याएवढी रोपं होती, साग आणि शिसव, आळी करून लावलेली. आम्हाला दिसत होती. पहिली दोन चुकवली, मग चुकवायचं सोडून दिलं. सूचना मी वाचली आणि तुला म्हणालो, "सरकारी भाषा आहे, काही कळत नाही."

मग आपण लढायला उभे राहिलो. मी उभा राहिलो ते तुझ्यासाठी, असं तू आजवर धरून चालला आहेस. त्यात थोडं खरं होतं. पण मला माझा रविवार हवा होता, हे जास्त खरं. अर्ज मी लिहिला. 'बोरखिंड रस्ता पूर्ववत खुला करावा'. आपल्या चौघांच्या सह्या, आणि करंजवाडीची एकोणसाठ माणसं. पहिला अंगठा मावशींचा होता. शाई पुसायला मी रुमाल पुढे केला तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बाबा, दिसू दे दोन दिस. कदी नव्हं ते सरकारात नाव लागलंय." अर्जदारांचा प्रतिनिधी म्हणून खाली माझं नाव. गावानेच ठरवलं तसं. शिकलेला माणूस, साहेबाशी बोलू शकेल.

तोवर तू वळसा घालून येत होतास. पावसाळ्यात मोशीपुढे चिखल, त्यात तुझ्या गाडीचा मॅग्नेट भिजायचा. कार्डावर लाल शिक्के पडायला लागले. तुझी कायम होण्याची मुदत चार महिन्यांवर आली होती. शिक्के वाढले तेव्हा तू काळेवाडीत खोली घेतलीस आणि मावशी करंजवाडीत एकट्या राहिल्या. त्यांच्या छातीत कळ येते असा निरोप आला की तू पाळी संपवून निघायचास, रात्र तिथे काढून परत वळसा, परत उशीर, परत शिक्का.

ऑगस्टच्या एकोणीस तारखेला वनखात्याच्या कार्यालयात आपल्याला बोलावलं. तू त्या दिवशी बिनपगारी रजा टाकलीस. शिपाई म्हणाला, एकानेच आत जायचं. तू म्हणालास, "तुमीच जावा, मला बोलाया जमायचं न्हाई," आणि बाहेर चिंचेखाली दोन्ही गाड्यांजवळ बसलास. आत मी पाऊण तास होतो. साहेब वाईट नव्हता. त्याने चहा दिला. आणि मला स्वच्छ सांगितलं, "गावाचा रस्ता म्हणून मी फाटक उघडलं तर तो कायमचा हक्क होतो, मग ट्रकही आलेच. ते माझ्याने होणार नाही. पण तुमचं रविवारचं फिरणं वेगळं. तुमच्या मंडळाला मी चार परवाने देऊ शकतो. फक्त हा अर्ज निकाली निघायला हवा." मी म्हणालो, निकाली म्हणजे? त्याने कागद पुढे सरकवला. 'अर्जदारांचे समाधान झाल्याने अर्ज मागे घेत आहोत. सर्व अर्जदारांतर्फे.' मी म्हणालो, गावाला विचारावं लागेल. तो म्हणाला, "विचारा की. पण पुढच्या महिन्यात माझी बदली आहे. नवा साहेब परवाना देईल याची खात्री नाही."

खिडकीतून तू दिसत होतास. माझ्या गाडीच्या साखळीला तेल घालत होतास. मी तुझ्याकडे बघत सही केली. मनात एकच होतं, येत्या रविवारी जाता येईल. बाहेर आल्यावर तू उठून उभा राहिलास आणि विचारलंस, "काय म्हनलं सायेब?" मी म्हणालो, "विचार करतो म्हणाले." मग आपण तिथेच बसून तू आणलेली भाकरी खाल्ली. ठेचा तिखट होता. डोळ्यांत पाणी आलं तर तू हसलास.

परवाने आले तेव्हा मी तुला सांगितलं की ते मंडळाच्या वेगळ्या अर्जावर आले, गावाचं अजून विचाराधीन आहे. चौथा परवाना तुझ्या नावाचा होता, तो मी मोठ्या मनाने तुला द्यायला आलो. तू उलटसुलट करून बघितलास आणि परत माझ्या हातात ठेवलास. "रैवारचा रस्ता घिऊन काय करू, श्रीपादराव? माजी पाळी सोमवारी लागती." रागाने नाही म्हणालास. मला समजावून सांगितल्यासारखं म्हणालास.

जानेवारीत तुझं नाव कायमच्या यादीत आलं नाही. फेब्रुवारीत तू मावशींना घेऊन नाशिकला निघालास. स्टँडवर मी आलो होतो. तू माझे दोन्ही हात धरलेस आणि म्हणालास, "तुमी आमच्यासाटी लई धावपळ केली. न्हाई झालं, त्याला तुमी काय करनार." मावशींनी माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. गाडी सुटली. त्यानंतर दर दिवाळीला तुझं पत्र येतं आणि त्यात ती एक ओळ असते, 'तुम्ही केलेलं आम्ही विसरणार नाही.' आठ पत्रं झाली. आठवं समोर आहे.

त्या परवान्याचं काय झालं, तेही ऐक. चौकीदार सकाळी नऊला फाटक उघडायचा, आम्ही आत गेलो की बाहेरून कुलूप लावायचा, आणि चारला येऊन सोडायचा. वर खिंडीत चर. म्हणजे जायला कुठे नाहीच. वर जायचं, चरापाशी वळायचं, खाली यायचं, फाटकापाशी वळायचं. गुरुदत्त दुसऱ्याच रविवारी वैतागला, "हे फिरणं आहे का राव, ही तर घाण्याची चक्कर आहे." श्यामनेही सोडलं. मी वर्षभर जात राहिलो. नाही गेलो तर मग सही कशासाठी केली, याचं उत्तर द्यावं लागलं असतं. एकदा साखळी तुटली. साडेदहाच वाजले होते. गाडी ढकलत खिंडीत नेली आणि चर ओलांडून तारेजवळ बसून राहिलो. खाली करंजवाडी दिसत होती, तुझ्या घराचं दार बंद. पलीकडून तुमच्या गावची तानुबाई लाकडाची मोळी घेऊन चालली होती. थांबली, मला न्याहाळलं आणि म्हणाली, "आतमदी कोंडलंय व्हय कुनी तुमाला?" मी म्हणालो, चारला सोडतील. तिने तारेतून पाण्याचा तांब्या दिला. पाणी पिऊन होईपर्यंत उभी राहिली आणि जाताना म्हणाली, "भिमाबाई जाताना सांगून गेली, त्यो पिंपरीचा श्रीपाद आपल्यासाटी भांडतोय म्हून. भांडा बाबा, वळसा लई पडतो." त्यानंतर मी गाडीवर बसलो नाही. गाडी एका माणसाला दिली. ओरडण्याचा प्रश्न उरला नाही.

मृदुलाला मी कधी सांगितलं नव्हतं. पण ती मूर्ख नाही. लग्नानंतरच्या एवढ्या वर्षांत तिने एकदाच विचारलं, "तुमचं फाटक उघडलं, मग त्यांचं का नाही?" मी म्हणालो, सरकारी काम. त्यानंतर तुझं पत्र आलं की माझ्यासमोर ठेवून आत निघून जायची. गेल्या महिन्यात मी तिला सगळं सांगितलं. हातातली वही तिने तपासून संपवली. मग म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग? माझा रस्ता नव्हता तो."

आता हे पत्र आजच का लिहितो आहे ते सांगतो. करंजवाडीच्या प्रभावतीबाई, तुमच्या शाळेतल्या, यांनी गावातर्फे पुन्हा अर्ज केला आहे. वरून उत्तर आलं की एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली गावाने स्वतःच समाधान झाल्याचं लिहून दिलं आहे, आता तक्रार कसली? गावात कोणाला असं काही लिहून दिल्याचं आठवत नाही. म्हणून चौकशी लागली आहे, सत्तावीस तारखेला, चाकणला. प्रभावतीबाई दिवाळीनंतर माझ्याकडे आल्या होत्या. गावासाठी तेव्हा लढलेला माणूस म्हणून त्यांनी मला साक्षीला बोलावलं आहे. त्यांना मी 'येईन' एवढंच म्हणालो. तर मी जाणार आहे, आणि तो कागद माझा, सही माझी, गावाला विचारलं नव्हतं, रोपं आम्ही तुडवली, असं सगळं उभं राहून सांगणार आहे. तिथून ते तुझ्यापर्यंत पोचेलच. दुसऱ्याच्या तोंडून तुला कळू नये, म्हणून हे पत्र. माफी मागायला लिहिलेलं नाही. तुझी कायम नोकरी गेली ती माझ्या माफीने परत येणार नाही. प्रभावतीबाई म्हणतात, त्या अर्जावर अंगठा दिलेलं कोणी समोर उभं राहिलं तर गावाचं बळ वाढेल. पहिला अंगठा मावशींचा आहे. त्यांना प्रवास झेपत असेल आणि तुला आणावंसं वाटलं तर आण. पण आणायच्या आधी त्यांना हे पत्र पूर्ण वाचून दाखव. काही गाळू नकोस. त्या मला बघून पुन्हा तोंडावरून हात फिरवतील आणि मग आत जाऊन माझी साक्ष ऐकतील, असं होऊ देऊ नकोस.

'तुझाच' लिहायला हात अडतो, तरीही
तुझाच,
श्रीपाद