एकच रेघ

२ जानेवारी

गेले सगळे! घर एकदम मुकं झालं. सिंद्रे इथूनच समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावर कामाला गेला, आता फेब्रुवारीशिवाय पोराचं तोंड दिसायचं नाही. सून हेगे नातीला, तिरिलला, घेऊन दुपारच्या बोटीने शहरात परतली. तिला धड उभंही राहवत नव्हतं. आली तेव्हा नुसती शिंकत होती. दारातच ती चाचणीची पट्टी नाचवली – "बघ तोरुन्न, एकच रेघ! कोविड नाही." आणि काल जेवता जेवता हुडहुडी. ताप असा की कपाळावर हात ठेववेना, अंग ठेचून काढल्यासारखं, खोकला कोरडा. बघता बघता आडवी झाली.

आणि आदल्या दिवशी सबंध संध्याकाळ सासऱ्याला, आइलिफला खेटून पत्ते खेळत होती! कारखान्यातल्या तीस वर्षांच्या धुराने आणि सिगारेटींनी त्याच्या फुफ्फुसांचं काय झालंय, तिला ठाऊक नाही का? सून म्हणून बारा वर्षं झाली या घरात.

आइलिफ म्हणतो, "अगं, पोरगी हरली ना माझ्याशी, म्हणून ताप चढला."

सगळ्याची थट्टा.

३ जानेवारी

गायनमंडळ. थोडं बरं वाटलं. चर्चच्या मागच्या खोलीत कॉफी आणि केक. निम्मे लोक खोकत होते. इथे जानेवारीत कोण खोकत नाही?

५ जानेवारी

घसा खवखवतोय. घरात सारखी चूल पेटलेली, हवा कोरडी. दिवस उजाडला असं वाटेपर्यंत मावळला.

६ जानेवारी

हेगेचा फोन. डॉक्टरांनी नाकातला नमुना घेतला – फ्लू निघाला. तिरिललाही ताप. "आइलिफ बरा आहे ना?" असं तीनतीनदा विचारत होती. बरा आहे म्हटलं. कोरडंच बोलले.

८ जानेवारी

आइलिफ खोकतोय. सकाळपासून. ताप फार नाही. जिना चढून आला आणि पायरीवरच बसून राहिला.

घरी चाचणी केली. एकच रेघ.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, "नुसत्या लक्षणांवरून मीसुद्धा सांगू शकत नाही हं. फ्लू, कोविड, साधी सर्दी – सुरुवात सारखीच असते. घरच्या एका चाचणीवर विसंबू नका. पहिल्या दिवशी खूपदा काही दिसत नाही. दोन दिवसांनी परत करा. जमलं तर त्यांना उद्या बोटीने घेऊन या, आपण नमुना पाठवू. फ्लू आणि कोविड, दोन्हींची औषधं वेगळी आहेत, आणि ती पहिल्या काही दिवसांतच द्यावी लागतात."

म्हटलं, "सुनेला फ्लू आहे. त्याच्या मांडीला मांडी लावून बसली होती. वेगळं काय असणार?"

"तरीही," म्हणाल्या.

बोट उद्या सुटायची नाही. वारा वाढलाय.

९ जानेवारी

हेगेला फोन केला. करायला नको होता. पण आइलिफला धाप लागलेली ऐकून डोकं भणभणलं.

"त्याला काही झालं ना, तर या घराची पायरी चढू नकोस!"

तिरिल मागे रडत होती. हेगे म्हणाली, "तोरुन्न, मी निघण्याआधी विचारलं होतं तुला. तूच म्हणालीस, नुसती सर्दी ना, या. केक करून ठेवलाय."

फोन ठेवून दिला. म्हणाले होते मी. पण विचारायचंच कशाला? स्वतःला कळू नये?

१० जानेवारी

आइलिफने ऐकलं होतं सगळं. पडल्या पडल्या म्हणाला, "तू पोलिसात जायला हवी होतीस. चौकशीच्या आधी गुन्हेगार आत!"

हसला आणि मग खोकला थांबेना. कितीतरी वेळ पाठ चोळत बसले.

कॉफीला चव नाही म्हणतो, नुसतं गरम पाणी लागतं. म्हटलं, तापात लागतच नाही चव.

वारा पडला, बोट सुरू झाली. पण जायचं नाही म्हणतो – "फ्लूच आहे ना? मग इथेच झोपतो." मीही रेटलं नाही. दुसरी पट्टी कपाटात आहे. कशाला? काय आहे आणि कुणाचं आहे, ते मला ठाऊक आहे.

१२ जानेवारी

ओठ निळे. सकाळी हाक मारली तर डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, पण ओळखलं नाही असं वाटलं. रुग्णवाहिकेची बोट आली. धक्क्यावर लाटा इतक्या की स्ट्रेचर चढवताना दोघेजण घसरले. मला बरोबर घेतलं नाही. मी खोकत होते.

तोंडावर प्राणवायूचा मास्क. त्यातून काहीतरी म्हणाला. मला ऐकू आलं नाही. इंजिनाचा आवाज!

१३ जानेवारी

शहरातल्या इस्पितळातून फोन. फ्लू नाही.

कोविड आहे.

मी म्हटलं, "नमुन्यांची अदलाबदल झाली असेल. सुनेला फ्लू होता." त्या डॉक्टरांनी शांतपणे पुन्हा सांगितलं. दोन्ही तपासलंय. फ्लू नाही. मग विचारलं, "घरात आणखी कोण आजारी आहे?"

कपाटातली पट्टी काढली. नाकात घातली. थेंब सोडले. टेबलाशी बसून राहिले.

दोन रेघा. दुसरी तर लगेच उमटली, गडद.

माझा घसा. माझी कॉफी, माझा केक, माझं गायनमंडळ. हेगेचं काहीच नव्हतं त्यात. तिच्याकडून त्याला काही लागलंच नाही! आणि ते औषध – परवापर्यंत कदाचित उपयोग झाला असता, डॉक्टर म्हणाले. "कदाचित," ते दोनदा म्हणाले. माझ्यासाठी म्हणाले असतील.

१४ जानेवारी

हेगेला फोन लावते आणि ती उचलण्याआधीच ठेवते. काय सांगू?

सिंद्रेशी बोलले. फलाटावर वादळ, हेलिकॉप्टर उडत नाही. रडत होता. "बाबा एकटेच आहेत का गं तिथे?" हो म्हटलं. खरं तेच.

आइलिफच्या खुर्चीवर त्याचा स्वेटर. धुवायला टाकला नाही.

१६ जानेवारी

आज मला ताप. उठले की भिंत धरावी लागते. शेजारचा ओडवार दारात माशाचं सार ठेवून जातो आणि खिडकीची काच वाजवतो. चव कळत नाही. पोटात ढकलते.

इस्पितळ म्हणतं, परिस्थिती जैसे थे. झोपेचं औषध दिलंय. मला विचारायचं होतं, त्याचे पाय झाकले आहेत का? पाय उघडे राहिले तर त्याला झोप लागत नाही. पण असलं काही डॉक्टरांना कसं विचारायचं!

एकटा आहे. चाळीस वर्षं माझ्या शेजारी झोपला, आणि आता त्या खोलीत अनोळखी माणसं.

१८ जानेवारी

आइलिफ गेला. आज सकाळी.

नर्सचा फोन होता. हळू आवाजात म्हणाली, शांतपणे गेले, त्रास झाला नाही. मग म्हणाली, "ते एकटे नव्हते. तुमची मुलगी रोज येत होती. मास्क, झगा, सगळं घालून तासन् तास बसायची, पायांवरचं पांघरूण नीट करायची. शेवटीही हात तिच्याच हातात होता."

मला मुलगी नाही.

म्हटलं – "ती आहे का तिथे? तिला फोन द्या."