शाळेची पोरगी

आई,

घरात तू आई होतीस आणि शाळेच्या फाटकातून आत शिरलं की बाई. खेळाच्या बाई. हा नियम तूच केलास, "बाईंनी पोरीचं लाड केलं" असं कुणी म्हणू नये म्हणून. शाळेपुरतं मी ते सोसलं. पण मी आठवीत असताना पन्हाळ्यापासून पश्चिमेला, डोंगरातून दोन दिवस चालायची आपल्या शाळेची पदभ्रमंती निघाली, तेव्हा मला खुळीला वाटलं, डोंगराला कुठलं आलंय फाटक.

सकाळी ऊन होतं. "उघडीप हाय तवर पाय उचला," तू म्हणालीस. दुपारी धुकं उतरलं, मग पाऊस, परत ऊन, परत पाऊस. ओढ्याच्या उतारावर, लाल चिखलात माझा पाय मुरगळला आणि मी घसरत जाऊन करवंदीच्या जाळीला धरून लटकले. "आई!" म्हणून ओरडले. तू वर उभी आहेस, हातात काठी, पदर कमरेला खोचलेला. मागं सगळ्या मुली गोळा झालेल्या. "हितं कुणाची आई न्हाय," तू म्हणतेस. "बाई म्हण. मग हात देतो." काटे तळहातात शिरतायत. मी म्हटलं, बाई. तू हात दिलास, मी वर येताच सोडलास आणि म्हणालीस, "चला, तमाशा संपला." मुली हसल्या.

संध्याकाळी धनगरवाड्याशेजारी तंबू ठोकले. संस्थेच्या चेअरमनची भाची घरच्या आठवणीनं रडत होती. तिला तू कुशीत घेतलंस, तिचे पाय चोळलेस, बाळा म्हणालीस. मला तंबूच्या कडेची, पाणी झिरपणारी जागा, कारण आपलं पोर शेवटी. वाड्यावरची एक म्हातारी गरम दूध घेऊन आली. तिनं पहिला पेला माझ्या हातात दिला आणि तुला विचारलं, "ही लंगडतीया ती पोरगी कुणाची वं?" तू तो पेला काढून घेऊन भाचीला दिलास. "शाळेची हाय," म्हणालीस.

पुढं काही वर्षांनी तू गेलीस तेव्हा शाळेनं शोकसभा घेतली. त्याच मुली, आता लेकुरवाळ्या झालेल्या, रडत सांगत होत्या, "बाई आमास्नी आईसारख्या होत्या." खोटं नव्हतं ते, म्हणूनच माझा जळफळाट झाला. मला बोलायला उठवलं. "बाई शिस्तीच्या होत्या," एवढं म्हणून मी खाली बसले. मागून कुणीतरी म्हणालं, "पोरगी आईवर गेलीया की." एवढी मोठी शिवी मला आजवर कुणी दिलेली नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. माझा पाय त्या रात्रीतच बरा झाला होता. दुसऱ्या दिवशी मी उगाच लंगडत होते. प्रत्येक उताराला "बाई, बाई" म्हणून हाक मारत होते, तू पुन्हा हात देशील म्हणून.

तू दर वेळी काठी पुढं केलीस.