बांधालगतची सहा फूट वाट

मी, निवृत्ती श्रीपती तिकोने, वय बावीस, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातून कॉलेज सोडलेला, राहणार वलवण, ता. मावळ, पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र लिहितो. जबरदस्ती कुणाची नाही. सोमवारी पुण्यात माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन आहे. डॉक्टर ‘किरकोळ आहे’ असं तीनदा म्हणाले, तेव्हापासून झोप नाही.

१. आईच्या वडिलांनी मला दिलेल्या जमिनीतून गावची पायवाट बाजाराकडे जायची. ती बाजू मी गेल्या साली बंगल्यांच्या कॉलनीला विकून फटफटी घेतली. शालू रखमाजी केदारी मागे बसेल असं वाटलं होतं. ती बसली नाही. भिंत मात्र उठली. कॉलनीच्या शेठना विचारलं, “लोकांनी चालायचं कुठून?” ते हसले, “इथं चालतो कोण? सगळ्यांकडे मोटारी आहेत.” शालू चालते. रोज शाळेत शिकवायला हमरस्त्याच्या कडेने जाते, ट्रक पदराला घासून जातात. आषाढात तिचे वडील ट्रक चुकवताना गटारात पडले, पाय अजून सरळ नाही. हे माझ्यामुळे झालं.

२. बांधालगतची सहा फूट पट्टी अजून माझी आहे. तीही बाजाराकडेच निघते. माझ्या मृत्यूनंतर तिचं कुंपण काढून ती चालणाऱ्यांसाठी खुली करावी. शेठना तिथं मोटारीचं दुसरं फाटक हवंय, आणि माझे वडील, आबा, त्यांना तोंडी हो म्हणून बसलेत. आबा, पाया पडतो, देऊ नका.

३. फटफटी विकून वाटेवर दगड बसवावेत.

४. वाटेच्या कोपऱ्यात माझा मित्र गेणू याने किराणा दुकान घालावं. शेठच्या आई जडावबेन आठवडाभर बंगल्यात एकट्या असतात, मोटार शनिवारी येते. भिंतीआडून हाक मारतात, “दीकरा, काड्यापेटी आणशील?”

५. शालूला काही ठेवत नाही. वडगावच्या कोर्टाबाहेरचे लेखनिक सांगतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. मला तिची सही हवी. ती येईल का, याची धास्ती ऑपरेशनपेक्षा मोठी आहे.

पुरवणी, त्याच दिवशी संध्याकाळी:

शालू आली. उभ्यानेच वाचलं. “मेल्यावर वाट सोडणार व्हय रे? आन् तवर आमी ट्रकाखाली जायचं?”

“आबा रागावतील.”

“मंग तू ऑपरेशनला भितोस का आबांना, ते एकदा ठरव.”

कलम २ मधले ‘माझ्या मृत्यूनंतर’ हे शब्द रद्द समजावेत. कुंपण काढलं आहे. माझ्या पोटात कळ होती, तारा तिनेच ओढल्या. आबा ओट्यावरून बघत होते.

(सही) निवृत्ती श्रीपती तिकोने

साक्षीदार:
१. (सही) शालू रखमाजी केदारी
२. (सही, गुजरातीत) जडावबेन. काठी टेकत नव्या वाटेने स्वतः चालत आल्या.

वलवण, ता. ११ नोव्हेंबर १९७१