निस्सान झेड, मस्टँग आणि माझ्या वजनाचे तांदूळ

मी, दत्तप्रसाद शिवदास परुळेकर, वय सत्तेचाळीस, मूळ गाव कुडाळ, सध्या राहणार हिद्द, बहारीन, मोटार वर्कशॉपात सर्व्हिस मॅनेजर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, असे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप ठिकाणावर नाही. ती पुढच्या आठवड्यात बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी करू नका. काळजी न करताही तयारी करता येते, असे माझे मत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

कलम १. कुडाळचे घर, बँकेतील ठेवी आणि नोकरीची अखेरची रक्कम पत्नी मंगला हिची. यावर कोणाचेच दुमत नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

कलम २. माझी पिवळी निस्सान झेड मुलगी रंजिता हिला द्यावी. ही गाडी अपघातात चेपलेली होती. माझा मित्र जुनैद याच्या शेडमध्ये आम्ही दोघांनी सुट्टीच्या दिवशी बसून ती उभी केली. त्याची सहा सिलिंडरची मस्टँगही तिथेच, तशीच उभी राहिली. जुनैद म्हसळ्याचा, इथे स्पेअर पार्ट्सच्या दुकानात आहे. एकाच शेडमध्ये, त्याच पान्यांनी जोडलेल्या दोन गाड्या. त्यामुळे सरळ पट्टीवर कोणती जास्त वेगाने सुटते हा प्रश्न आमच्यात कधी मिटला नाही.

माझा मेहुणा शिरीष गेल्या वर्षी इथे आला होता. जेवताना म्हणाला, "भाऊजी, सरळ पळायला कसली अक्कल लागते? सरळ तर एसटीपण जाते. विकून टाका." गाडी उभी असते आणि पुढच्याच क्षणी नसते, या दोन्हींच्या मधे क्लच, टायर, गिअर आणि माणूस यांचे किती जमावे लागते, हे त्याला सांगायचे राहून गेले. म्हणून इथे लिहितो. गाडी ठेवायची की विकायची हे रंजिता ठरवेल. शिरीषचा सल्ला घेण्याचे तिच्यावर बंधन नाही.

कलम ३. इथल्या सखीरच्या रेस ट्रॅकवर नोव्हेंबरात लोकांसाठी खुला दिवस होता. तिथे या प्रश्नाचा निकाल लागला असे सगळे मानतात. मी मानत नाही, आणि का मानत नाही ते नोंदवणे मला आवश्यक वाटते.

डॉक्टरांनी मला शर्यतीला मनाई केली होती, म्हणून झेड रंजिताने चालवली. मी जाळीमागे उभा होतो. मस्टँगच्या खिडकीतून जुनैद ओरडला, "बेटा, मागे राहिलीस तर रडायचं नाय हां!"

"चाचा, तुम्ही आधी बेल्ट लावा," रंजिता म्हणाली.

दिवा हिरवा झाला. मस्टँग ऑटोमॅटिक, ती आधी उसळली. रंजिताने टायर एकदाही घसरू दिले नाहीत. तिने दुसरा गिअर टाकला तो आवाज मला जाळीमागून कळला. इतका स्वच्छ मी स्वतः कधी टाकलेला नाही. अर्ध्या पट्टीपर्यंत ती मागे होती. शेवटी झेडचे नाक पुढे होते, बॉनेटभर.

मी काय केले ते मला आठवत नाही. मंगला म्हणते, मी शेजारच्या अनोळखी बहारीनी गृहस्थांना मिठी मारली.

जुनैद उतरला तो तणतणतच. "हे खलास नाय हां, दत्ता! पोरगी चिपाडासारखी, नि तू बघ केवढा! तू बसला असतास तर मी कुठल्या कुठे गेलो असतो."

"हरलात, चाचा," रंजिता म्हणाली. "ॲक्सेप्ट इट."

रात्रभर विचार केला. मी भौतिकशास्त्राचा पदवीधर आहे. जोर तोच आणि वजन कमी, तर गाडी जास्त वेगाने सुटणारच. माझ्या आणि रंजिताच्या वजनात बासमतीच्या मोठ्या पोत्याएवढा फरक आहे. जुनैदचे आणि माझे वजन सारखे. तेव्हा तुलना गाड्यांची असेल, तर जुनैद बरोबर आहे, आणि निकाल लागलेला नाही.

हे सकाळी सांगितले तेव्हा मंगला म्हणाली, "अहो, पोरगी जिंकली ना? मग ते पोतं कशाला मधे आणता?" तिचेही बरोबर आहे. मला अभिमान गाडीचा वाटतो, ती मी जोडली याचा, की रंजिताचा? लिहिताना उत्तर दिसते. गाडीबद्दल शंका आहे. त्या दुसऱ्या गिअरबद्दल नाही.

कलम ४. पुढचा खुला दिवस फेब्रुवारीत आहे. मी असलो किंवा नसलो तरी शर्यत पुन्हा व्हावी. रंजिताच्या शेजारच्या सीटवर बासमतीचे मोठे पोते ट्रॅकवाल्यांना दाखवून, पट्ट्याने नीट आवळून बांधावे. वाळू चालेल का, असे जुनैदने विचारले. रंजिता म्हणाली, "राइसच. नंतर बिर्याणी करता येईल." जुनैदच्या पत्नी नूरबानोभाभींनी लगेच होकार दिला. शिरीष त्या वेळी इथे असला तर पोत्याऐवजी त्याला बसवायला माझी हरकत नव्हती, पण सोबती बसवणे नियमात नाही.

जुनैद जिंकला, तर रंजिताने त्याच्याशी हात मिळवावा आणि कोणतेही कारण सांगू नये.

कलम ५. माझी सगळी हत्यारे जुनैदची. हे कळल्यावर तो चिडला, कारण ज्याला काही मिळते त्याची साक्ष मी घेणार नव्हतो. "पाने नकोत मला, सही करू दे!" म्हणाला. पाने त्यालाच मिळतील. सही करायला दुसरे आहेत.

कलम ६. माझ्या रोजनिश्या मंगलाने ठेवाव्यात. रंजिता मराठी अडखळत वाचते, म्हणून तिने विचारले तर मंगलाने वाचून दाखवाव्यात. नोव्हेंबरची ती तारीख विचारली नाही तरी दाखवावी.

कलम ७. शेवटचे. मंगला आजवर माझ्या झेडमध्ये बसलेली नाही. "त्यात बसायचं म्हणजे जमिनीवर फतकल मारायची," असे ती म्हणते. शर्यत संपली की पोते सोडून जुनैदच्या डिकीत टाकावे. शेजारची सीट रिकामी ठेवू नये. हिद्दला परत येताना तिथे मंगलाने बसावे, आणि रंजिताने गाडी हळू चालवावी.

वरील सर्व मी वाचून पाहिले. दोन ठिकाणी बदलावेसे वाटले, बदलले नाही.

सही: द. शि. परुळेकर

आम्हा दोघांसमक्ष सही झाली. आम्हाला यातून काही मिळणार नाही. बिर्याणीचे आमंत्रण आहे, ते लिहिणाऱ्याच्या आग्रहाने इथे नमूद केले.

साक्षीदार: १. निहार वालावलकर, जनाबिया
२. ताहिर मुकादम, हिद्द

हिद्द, बहारीन
९ जानेवारी २०२६