कवडीची थैली

प्रिय याडी,

आधी डोळे वटारणं बंद कर, मग वाच. मले ठाऊक आहे, तुले वाचता येत नव्हतं. पण वर गेल्यावर तेवढं तर येत असन ना? नसन येत तर कोन्या शिकलेल्या बाईकडून वाचून घे. तिथं तुह्या ओळखी झाल्याच असतीन. तुले ओळखी कराले कुठं बी दोन दिवस लागत नव्हते.

दीड वर्ष झालं तुले जाऊन, अन् तुह्या सुनेची एक गोष्ट सांगायची राहून गेली. राहून गेली कायची, मीच सांगितली नाही, भेवानं! तुह्या फोटोसमोर दिवा लावताना बी मी खाली मान घालून लावत होती. आज सकाळी कुंपणापाशी असं काही झालं का आता सांगितल्याबिगर राहवत नाही. काय झालं ते शेवटी. आधी माझा गुन्हा ऐक.

याडी, मी तुह्या पोपटाच्या शेंगांचं राखलेलं बी शिजवून लोकांले खाऊ घातलं. सगळं. एक दाणा ठेवला नाही.

बसली का कपाळावर हात मारून?

तुह्या माहेराहून, मुकुटबनाकडच्या तांड्यावरून, लग्नात पदराले बांधून आणलेलं बी ते. आपल्या कुंपणावर त्या शेंगा हरसाल लोंबायच्या अन् थंडीत उसळ शिजली का शेजारच्या घरातून वाट्या यायच्या. दाणा टपोरा, कडेनं जांभळी रेघ. बाजारातला वाल वेगळा, त्याले ती चव नाही. मी दिग्रसचा सारा बाजार पालथा घातला, म्हणून सांगते.

आता कसं झालं ते ऐक, अन् मधात बोलू नको.

सुरुवात तुह्या थैल्यांपासून होते. होळी झाली का तुहं सुरू! मीठ, तुरीची डाळ, ज्वारी, वाळली मिरची, ओवा, काडीपेट्या, वातीचा कापूस. धान्य राखेत घोळायचं, बाकीचं लिंबाच्या पाल्यात, अन् सगळं थैल्यांत भरून तोंड शिवून टाकायचं. मी म्हणायची, "याडी, काहून एवढं? दिग्रस काय लंडनले आहे काय?"

"रस्ता तुटला तं?"

"तुटला तर फोन करू."

"फोन जेवाले वाढते काय वं?"

आपले जुने बंजारा लोक बैलांवर मीठ अन् धान्य लादून गावोगाव फिरायचे, हे तू मले हजार वेळा ऐकवलं. "रस्त्यावर जन्म गेला आपल्या मानसाईचा, म्हनून रस्त्याचा भरोसा धरू नाही," असं म्हणून तू दातानं दोरा तोडायची. अन् मी तोंडाले पदर लावून हसायची. माफ कर बापा!

अक्षर येत नव्हतं म्हणून तू थैल्यांवर टाके घालायची. कोन्या थैलीवर जाळी, कोन्या थैलीवर डोंगर, कोन्या थैलीवर नुसते लाल ठिपके. मले दोनदा जवळ बसवून शिकवाले पाहिलं. पण मी दहावी पास! मी म्हणाली, "मी मार्करनं नावं लिहीन, टाके कायले पाहिजे?" तू माह्या हातातून सुई काढून घेतली अन् काहीच बोलली नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं याडी. ते तुहं न बोलणं मले अजून टोचते.

अन् तुही दुसरी खोड! थैली शिवण्याआधी त्यातली एक मूठ कोणाच्या ना कोणाच्या घरी वानवळा म्हणून गेलीच पाहिजे. डाळ असो, मिरची असो, बी असो. तुह्या नातीच्या, पूजाच्या साखरपुड्यात तर तू हद्द केली. भर मांडवात विहीणबाईच्या ओटीत साडीसंगं एक चिंधी कोंबली, गाठ मारलेली. मी शरमेनं अर्धी झाली! सगळ्यांसमोर बोलली होती मी, "घर भरून राह्यली का रिकामं करून राह्यली?"

तू म्हणाली, "भरूनच राह्यली."

बस, एवढंच. जरा समजावून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं वं तुहं?

तू गेली अन् मी घर आवराले काढलं. कंदील भंगारवाल्याले दिला. चूल फोडली, तिथं टाईल बसवली, त्यावर गॅस. मस्त दिसत होतं, खरं सांगते. थैल्या फेकायची माझी हिंमत झाली नाही, त्या तुह्या लेकानं माळ्यावर टाकल्या. टिनाखाली तू रचलेली पऱ्हाटी बी मी जाळून टाकणार होती. तुहा वसराम आडवा झाला. "याडीनं रचली, राहू दे." जन्मभर माह्या शब्दाबाहेर गेला नाही तो माणूस, अन् त्या दिवशी कपाशीच्या वाळल्या काड्यांसाठी भांडला! दोन दिवस मी त्याच्याशी बोलली नाही.

त्याच श्रावणात आपली पूजा पयल्या बाळंतपणाले आली. पोरगी झाली, तुह्यासारखी नकटी. बारशाले विहीणबाई आर्णीकडून सोळा माणसं घेऊन आल्या. पाळणा झाला, जेवणं झाली, अन् पाहुणे निघाले तर नाल्याचा रपटा, तो ठेंगणा पूल, पाण्याखाली! संध्याकाळी लाईन गेली. दुसऱ्या दिवशी फोन मेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पूजाच्या आंघोळीचं पाणी ठेवलं अन् गॅस फुस्स झाला. दुसरं सिलिंडर? तेही रिकामं. "उद्या आणू" करत राह्यलो अन् उद्याच्या जागी पूर आला.

घरात ओली बाळंतीण, चौदा-पंधरा दिवसांचं लेकरू, भिंतीले ओल, सोळा पाहुणे. पूजा थंडीनं कुडकुडून राह्यली होती अन् मी माह्या टाईलकडं पाहत उभी! ओसरीत विहीणबाई मांडी घालून बसल्या होत्या. मले वाटलं, धरणीमाय, आता पोटात घे.

वसराम उठला. अंगणातल्या टिनाखाली तीन दगड मांडले, तुही कोरडी पऱ्हाटी ओढली, अन् माळ्यावरून तुह्या थैल्या खाली आणल्या. माह्या तोंडाकडं पाहून हसला बी नाही बिचारा. हसला असता तर मी त्याले पऱ्हाटीनंच मारलं असतं.

पण काडीपेटी कोन्या थैलीत? घरातल्या साऱ्या काड्या सर्दावल्या होत्या. मी अकरा थैल्या घेऊन उभी, पयलीतल्या पोरीसारखी. एकावर बी नाव नाही! तेवढ्यात मागून हात आला. विहीणबाई! थैलीवरून नुसती बोटं फिरवली अन् म्हणाल्या, "हे मीठ. हे डाळ. हे धर, काडीपेट्या."

"तुमाले येते हे?"

"माह्या मायनं मारू मारू शिकवलं. तुमाले नाही शिकवलं सासूनं?"

काय सांगू त्याईले? "शिकवलं, मी शिकली नाही," म्हटलं.

चूल पेटली, पाणी तापलं, पूजाले शेक मिळाला, लेकरू आंगाले तेल लावून झोपलं. अन् मग काय मजा आली म्हणून सांगू याडी! सोळा पाहुणे असे रमले का विचारू नको. व्याही ज्वारी निवडाले बसले. त्याईच्या भावानं भाकरी थापली ती यवतमाळ जिल्ह्याच्या नकाशासारखी. बाया गाणी म्हणत होत्या, मिठाच्या थैलीचं कौतुक करत होत्या. ज्या विहीणबाईसमोर मी पदर सावरत बसायची, ती माह्या मांडीवर डोकं ठेवून उवा पाहून घेत होती! चौथ्या दिवशी एक पाहुणा मले म्हणाला, "वैनी, आनखी दोन दिवस पानी उतरलं नाही तं बरं."

याच आनंदात माझी चूक झाली. पाचव्या दिवशी डाळ संपली. एकच थैली उरली होती, लाल, तोंडाशी एक कवडी शिवलेली. विहीणबाई आतमधे नातीले न्हाऊ घालत होत्या. त्याईले विचाराले जायचं तेवढं माह्या जिवावर आलं. आता मलेही टाके कळते, असा गर्व बी होता थोडा. मी टाका उसवला. आतमधे राखेतले पोपटाचे दाणे! धुतले, भिजवले, संध्याकाळी लसूण-मिरची घालून चुलीवर चढवले.

काय उसळ झालती याडी! सोळा माणसांनी बोटं चाटली. पूजानं दोनदा मागून घेतली. विहीणबाईनं मात्र एक घास घेतला अन् हात थांबवला.

"सविताबाई, कोन्या थैलीतलं हे?"

"लाल. कवडीवाली."

"अवं माय! कवडी म्हंजे बी. घरात दाना नसला तरी कवडीची थैली उघडत नाही."

मी चुलीपाशी गेली, उसळ शिजवली तो गंज पाह्यला. पुसून घेतलेला. मी तिथंच बसून रडली. तू गेली त्या दिवशी बी एवढी रडली नव्हती. तेव्हा घर भरलेलं होतं, कामं होती. त्या दिवशी मात्र वाटलं, तू आता खरीच गेली, अन् मीच तुले धाडलं.

पाणी उतरलं, पाहुणे गेले. मग मी तांड्यात घरोघरी फिरली. ज्या ज्या घरी तू मुठी वाटल्या, तिथं. कधी त्यांच्यावर चिडायची मी, अन् आता त्यांच्याच दारात! "पोपटाचं बी आहे का वं, याडीनं देलेलं?" सगळ्यांचं एकच उत्तर. "याडी हरसाल देत जाय, म्हणून आमी राखलंच नाही." खाऊन बसले सारे! लाडावून ठेवलं तू त्याईले, हे बी तुले सांगून ठेवते.

तो हिवाळा कुंपण रिकामं राह्यलं. वसराम तिकडून जायचं टाळत होता.

मग यंदा मिरगाच्या आधी पूजा लेकरू घेऊन माहेरी आली होती, तिले न्यायले विहीणबाई आल्या. नातीसाठी झबलं आणलं, अन् पदरातून एक चिंधी काढली. गाठ मारलेली. साखरपुड्यातली तीच चिंधी! ट्रंकेत साड्यांच्या खाली पडून होती, गाठ बी सोडली नव्हती त्याईनं. पुराच्या दिवशी त्याईले आठवलं होतं, पण तोंडातून काढलं नाही.

"काहून नाही सांगतलं?" मी विचारलं.

"सापडलं नसतं तं? तुमाले दोनदा रडाव लागलं असतं."

चिंधीत नऊ दाणे होते. जांभळी रेघवाले. मी अन् विहीणबाई दोघींनी कुंपणापाशी लावले. सहा उगवले. एक बकरीनं खाल्लं, त्या बकरीशी मी अजून बोलत नाही. पाच वेल वर चढले.

आज सकाळी पयल्या शेंगा दिसल्या याडी! पूजा चार दिवस माहेरी आली आहे, अन् तुही पणती आता धावते. ती माह्या आधी पोचली अन् एक शेंग तोंडात घालून उभी. मी ओरडली, "थुंक, थुंक!" तर ती हसली अन् अजून जोरात चावाले लागली. वसराम कुंपणाले हात लावून उभा होता, नाक पुसत. म्हणे सर्दी झाली.

आता मले कळलं तू घर कसं भरत होती ते. मी रिकामं म्हणत होती. माफ कर.

तर ऐक, आता माझा शब्द. यंदाची एक बी शेंग चुलीवर चढणार नाही, पणतीनं खाल्ली ती सोडून. सगळी वेलीवर वाळतीन. विहीणबाई संक्रांतीले येऊन राह्यल्या, मले टाके शिकवाले. शिकीन, मारलं तरी शिकीन. कवडी मीच शिवीन, अन् खाली मार्करनं लिहीन बी, "बी आहे, हात लावू नको सविता." चूल परत घातली आहे, टाईल फोडून. सिलिंडर दोन्ही भरलेले आहेत. अन् थैलीचं तोंड शिवण्याआधी मूठ निघन. पयली आर्णीकडं, मग तांड्यातल्या त्या साऱ्या खादाडांच्या घरी. या बारीनं ज्यानं राखलं नाही, त्याच्या दारात जाऊन मी भांडीन. तू नुसती देत होती. मी देईन अन् भांडीन.

रस्ता तुटो का राहो, दाणा कोणाच्या तरी घरी असन.

तुह्याच घरची, तुह्यावर हसलेली अन् आता तुह्यासारखीच करून राह्यलेली सून,
सविता