आईनं वाजवलेलं पातेलं

बेलो होरिझोन्ते,
सोमवार

एवांद्रोदादा,

काल संध्याकाळी तू टीव्हीवर म्हणालास, "अ‍ॅम्ब्युलन्सच्या पैशाला मी हात लावला नाही." तुझं वाक्य पुरं व्हायच्या आत गल्लीतल्या खिडक्याखिडक्यांतून निषेधाची पातेली वाजायला लागली. लोक "चोर! चोर!" ओरडत होते. आईला हल्ली शब्द ऐकू येत नाहीत, नुसता दणदणाट कळतो.

"मॅचमध्ये गोल झाला का गं?"

"नाही आई, दादा बोलतोय टीव्हीवर."

कसा चेहरा फुलला तिचा! "मग माझं घेवड्याचं पातेलं आण. माझ्या लेकासाठी सगळे वाजवतायत आणि मीच गप्प बसू?"

मी आणून दिलं. कशी अडवणार होते तिला, तूच सांग. ती खिडकीत उभी राहून बडवत राहिली. समोरच्या खिडकीत नेउझाकाकू होत्या. त्यांचा नवरा अ‍ॅम्ब्युलन्सची वाट बघत जिन्यातच गेला. तुला कळवलं होतं, तू उत्तर दिलं नाहीस. आईला पाहून त्यांचा हात थांबला.

आज सकाळी त्या मक्याचा केक घेऊन आल्या आणि आईला मिठी मारून रडल्या. मला म्हणाल्या, "पोटच्या पोराविरुद्ध उभं राहायला काळीज लागतं." आई त्यांची पाठ थोपटत होती.

त्या गेल्यावर आई म्हणाली, "बघ, किती जीव लावतात लोक त्याला. लिही त्याला, मीसुद्धा वाजवलं म्हणावं."

म्हणून लिहिलं. पण पाठवणार नाही. पाठवलं तर हेही लिहावं लागेल, की तिच्याशेजारी उभी राहून मी झाकण वाजवत होते, आणि मला सगळं ऐकू येत होतं.

तुझीच,
झुलेइदे