माहिती अपुरी

गुरुजी, येरमाळ्याजवळच्या आपल्या माळावर मंगळवारपासून पोकलेन चालू आहे. पवनचक्कीसाठी खडक फोडून जागा सपाट करतायत, आणि ज्या उथळ डबऱ्यापाशी तुम्ही आम्हाला चपला हातात घेऊन गप उभं करायचात, त्याच्या काठावर चुन्याची रेघ मारून झाली आहे. टिचकी आठवते का? अंगठ्याच्या नखाएवढं बेडूक. दगडाखाली कुणी चुटकी वाजवत बसल्यागत आवाज, म्हणून नाव आम्हीच पोरांनी ठेवलेलं. पुण्याच्या अभ्यासकांनी आता तिला लांबलचक नाव दिलंय आणि जगभरच्या जिवांच्या यादीत तिच्यापुढं स्थिती लिहिलीय, 'माहिती अपुरी'.

ते दोन शब्द वाचले आणि मला तुमची लाल शाई दिसली. पावसाळाभर दर शनिवारी शाळा सुटली की ज्याची पाळी त्यानं माळावर जायचं, टिचकी किती ठिकाणी ऐकू आली ते वर्गाच्या वहीत लिहायचं. कुणी उरकून टाकलं की खाली तुमचा शेरा ठरलेला: 'माहिती अपुरी. पुन्हा जाऊन बघ.' मी एकदा पाय दुखतात म्हणालो, तर तुम्ही चष्म्यावरून बघता, खडू ठेवता आणि म्हणता, "हे पायानं लिहायचं असतंय लेका, हातानं नुसतं उतरवायचं."

पोकलेन यायच्या आधी ग्रामसभेत मी हरकत घेतली होती. तहसिलातून आलेल्या साहेबांनी कागद चाळून सांगितलं, यादीत 'धोक्यात' असं कुठं म्हटलेलं नाही, माहितीच अपुरी आहे, तेव्हा हरकत टिकत नाही. माझं डोकं फिरलं. तुमचा अर्धा शेरा या लोकांनी उचलला आणि 'पुन्हा जाऊन बघ' तेवढं गिळून टाकलं. म्हटलं, "साहेब, अपुरी म्हणजे न्हाय असं न्हाय. अपुरी म्हणजे तुमी गेला न्हाय." गावात मला कविता करणारा म्हणूनच ओळखतात; मागून कुणीतरी म्हणालं, "आबा, बेडकाची कविता तर म्हणून दावा एखादी." सगळी सभा हसली. सरपंचसुद्धा, तुमच्याच शाळेत शिकलेला. साहेब तेवढे हसले नाहीत. म्हणाले, जुनी काही नोंद असेल तर सोमवारपर्यंत आणा, तोवर काम थांबवतो.

नोंद माझ्याच ट्रंकेत आहे, गुरुजी. बदली झाली तेव्हा तुम्ही ती वही माझ्या हातात दिलीत, तुझी भाषा चांगली, तू सांभाळ म्हणालात. बाकीच्या पोरांनी चिखल तुडवून लिहिलेलं सगळं खरं. माझ्या पाळीची तेवढी चार पानं मी देवीच्या पायरीवर बसून लिहिलेली आहेत. 'टिचक्यांनी माळभर चांदणं वाजवलं, सतरा ठिकाणी.' सतरा हा आकडा कानाला गोड लागला म्हणून. तुम्हाला ते कळलं होतं. खाली शेरा आहे: 'भाषा छान. माहिती अपुरी. पुन्हा जाऊन बघ.' मग छडी का नाही मारलीत? उलट ते पान वर्गात वाचून दाखवलंत, टाळ्या वाजवायला लावल्यात, आणि पुन्हा गेलो का ते कधी विचारलं नाहीत. तुमचा राग येतो मला. आयुष्यभर मी त्या टाळ्याच ऐकत बसलो, माळ चढलो नाही.

सोमवारी मी वही काढली. चार पानं फाडली असती तर उरलेली वही खरी होती, साहेबांपुढं टाकता आली असती. घरात सुनेनं विचारलं, आबा, जायचं न्हाय का तहसिलात? गुडघा धरलाय म्हणून सांगितलं. हे पत्र आता त्याच पानांत घालून ठेवतो. गुडघा धरला नव्हता, गुरुजी. त्या पानांवर तुमचं 'भाषा छान' आहे, ते मला फाडवेना.